चार सेक्टर, दोनच चॅनल. समोरासमोरच्या सेक्टरला एकच फ्रिक्वेन्सी लावली तर संध्याकाळी सगळं का झोपतं?

पठारावरचा (पेडणे)

नमस्कार मंडळी. मी पेडण्यात छोटं वायरलेस नेट चालवतो. तुयेच्या पठारावर एका घराच्या स्लॅबवर पोल उभा केलाय, त्यावर चार सेक्टर (म्हणजे एकाच बाजूला सिग्नल फेकणारा अँटेना आणि त्याचा रेडिओ), प्रत्येक ९० अंशाचा. उत्तरेला कोरगाव, दक्षिणेला पार्से आगरवाडा, पश्चिमेला मांद्र्याची बाजू आणि पूर्वेला विर्नोडा. सगळे मिळून १४० च्या आसपास कनेक्शन. फायबर खाली रस्त्यापर्यंत आलाय पण भाटातल्या आणि उतारावरच्या घरांना कोण केबल ओढून देत नाही, ते सगळं आपलं गिऱ्हाईक.

आतापर्यंत चारही सेक्टर चार वेगळ्या चॅनलवर होते, २० मेगाहर्ट्झने, आणि बरं चाललं होतं. पण आता घरटी दोन टीव्ही आणि चार मोबाईल, वर पोरांचा गेम, २० मध्ये भागत नाही. म्हणून ४० करायचं ठरवलं. आता ५७२५ ते ५८७५ म्हणजे १५० मेगाहर्ट्झ, त्यात ४० चे तीनच बसतात, आणि वरचा तुकडा किनाऱ्याकडच्या कुणाच्या तरी लिंकने भरलेला दिसतो स्कॅनमध्ये. राहिले दोन. मग ज्याच्याकडून माल घेतो तो म्हणाला काळजी नको, उत्तर आणि दक्षिण पाठीला पाठ लावून आहेत ना, दोघांना एकच चॅनल दे, पूर्व पश्चिमेला दुसरा दे, जगभर असंच करतात. केलं. उत्तर दक्षिण ५७५०, पूर्व पश्चिम ५८१०.

पहिला दिवस झकास. दुपारी स्पीडटेस्ट काढून ग्रुपवर फोटो पण टाकला (तो आता लोक मला परत पाठवतात). संध्याकाळी साडेसात वाजले की खेळ सुरू. क्लायंटला सिग्नल तोच, -५३, -५५, एक डीबी (सिग्नलच्या जोराचं माप) हलत नाही, पण मॉड्युलेशन (एका दमात किती डेटा जातो ते) २५६ क्वामवरून १६ वर आणि कधी कधी त्याहून हळू क्यूपीएसकेवर, पिंग २०० च्या वर. रात्री साडेअकरानंतर आपोआप ठीक. चारही सेक्टरला तसंच, उत्तर दक्षिणेला जास्त कारण गिऱ्हाईक तिथेच जास्त.

काय काय केलं ते सांगतो. पॉवर १७ ची २० केली, काय फरक नाही, उलट जरा बिघडलंच असं वाटलं. कनेक्टर नवे घातले, पीओई (नेटच्या केबलमधूनच वीज देणारे डबे) बदलले, एका सेक्टरची केबल पण बदलली. मला वाटलं संध्याकाळचं खारं वारं, दमट हवा, त्याचं काहीतरी असेल, पण मग रात्री बारा वाजता तर हवा अजून दमट असते. चवथ तोंडावर आलीय, सगळे पाहुणे घरी येणार, काय करू सांगा.

तारवाला

फायबर टाक.

पठारावरचा

तू येऊन खांब पुरून दे, पंचायतीची परवानगी पण तूच आण.

माडाखालचा (सत्तरी)

सोपं आहे भाऊ, एकाला व्हर्टिकल लाव एकाला हॉरिझॉन्टल. आम्ही वाळपईला असंच करायचो, एकच चॅनल दोन सेक्टरला, पोलरायझेशन उलटं, वीस बावीस डीबी फुकटात मिळायचे. एवढी साधी गोष्ट, त्याला काय फोरमवर विचारायचं.

डीबीचा_हिशेब (पर्वरी)

माडाखालचे, ते दिवस गेले हो. तेव्हा रेडिओला एकच चेन होती, एक केबल एक अँटेना. आताचे रेडिओ दोन चेनवाले, एक चेन व्हर्टिकलवर आणि दुसरी हॉरिझॉन्टलवर एकाच वेळी वेगवेगळा डेटा पाठवते, दोन्ही पोलरायझेशन आधीच वापरात असतात. एक बंद करायचं तर अर्धा स्पीड घालवायचा, मग ४० करून काय मिळवलं, परत २० च्याच हिशेबाला आलो.

पठारावरचे, तुमच्या पोस्टमध्ये उत्तर लिहिलेलंच आहे, फक्त तुम्ही ते हवेवर ढकललंत. सिग्नल हलत नाही पण मॉड्युलेशन पडतं म्हणजे काहीतरी दुसरं कानात ओरडतंय. आणि ते संध्याकाळी साडेसातला सुरू होऊन साडेअकराला थांबतं, म्हणजे ते माणसांच्या घड्याळाने चालतं, हवेच्या नाही. दुपारी दक्षिणेचा सेक्टर जवळजवळ रिकामा असतो, तो बोलतच नाही, म्हणून उत्तरेला त्रास नाही. संध्याकाळी दोन्हीकडे लोक टीव्ही लावतात, दोघे एकाच वेळी एकाच चॅनलवर बोलतात. तुमचा दुश्मन तुमच्याच पोलवर आहे, दीड हातावर.

आता एक प्रश्न, ज्याच्यावर सगळं आहे. जीपीएस सिंक चालू आहे का? तुमच्या डीलरने अर्धीच गोष्ट सांगितली. समोरासमोर एक चॅनल जगभर लावतात हे खरं, पण ते सिंक करून. हे रेडिओ एकाच चॅनलवर पाळीपाळीने पाठवतात आणि ऐकतात. सिंक नसेल तर प्रत्येक सेक्टर आपल्या मनाने पाळी घेतो, म्हणजे उत्तरेचा जेव्हा कोरगावच्या घराचं ऐकायला कान लावून बसलाय तेव्हा दक्षिणेचा त्याच्या पाठीमागे भोंगा लावून आगरवाड्याला ओरडतोय.

किती मोठा भोंगा ते काढून बघू. रेडिओची पॉवर २० डीबीएम, सेक्टरचा गेन (अँटेना समोर किती जोर देतो ते) १६ धरा. मागच्या बाजूला ३५ डीबी कमी जातं असं डेटाशीटवर लिहिलेलं असतं, त्याला फ्रंट टू बॅक म्हणतात, म्हणजे पाठीकडे गेन राहिला -१९. ऐकणाऱ्या सेक्टरची पण पाठच आहे, तिचे पण -१९. दोघांमध्ये एक मीटर अंतर, ५.८ गिगाहर्ट्झला एक मीटरला जवळपास ४८ डीबी जातात. २० वजा १९ वजा १९ वजा ४८ म्हणजे -६६. आता तुमच्या क्लायंटचा आवाज सेक्टरला किती येतो? -६०, -६५ च्या घरात असणार. म्हणजे गिऱ्हाईक आणि शेजारचा सेक्टर जवळजवळ सारख्याच आवाजात बोलतायत. क्यूपीएसके पण चालायला आठ एक डीबी फरक लागतो. चालतंय हेच नवल.

आणि पॉवर वाढवून का काय झालं नाही ते पण यातच आहे. दोन्ही सेक्टरची पॉवर तीन डीबीने वाढवली तर उत्तरेच्या क्लायंटला उत्तरेचा सिग्नल तीनने वाढला आणि दक्षिणेची पाठ पण तीननेच वाढली. फरक तोच. सेक्टर सेक्टरला जे ओरडतो ते मात्र तीनने वाढलं आणि बिचाऱ्या क्लायंटचा वर येणारा आवाज होता तेवढाच राहिला, म्हणून बिघडलं. तुम्हाला वाटलं ते बरोबरच होतं.

करून बघा, विश्वास ठेवू नका. रात्री नऊ वाजता दक्षिणेचा सेक्टर दोन मिनिटं बंद करा आणि उत्तरेच्या क्लायंटचं मॉड्युलेशन बघा.

एक_वाटसरू

१७ ची २० केली म्हणजे १६ च्या अँटेनाबरोबर ३६ डीबीएम झालं, चार वॅट. ५७२५ ते ५८७५ मध्ये मर्यादा तेवढीच आहे, आता तिथून वर जायला जागाच नाही. सहज सांगून ठेवलं.

पठारावरचा (पेडणे)

डीबीबाब, तुमच्या पाया पडतो. काल रात्री नऊ वाजता दक्षिणेचा बंद केला. दोन मिनिटं म्हणालात, मी तीन ठेवला, तेवढ्यात पार्शातून सहा फोन. पण उत्तरेची सगळी लिस्ट डोळ्यासमोर १६ क्वामवरून २५६ वर चढली, एखाद दुसरा सोडून. परत चालू केला, परत पडली. मी दोन आठवडे केबली बदलत बसलो होतो हो.

सिंक नाही. तीन रेडिओत जीपीएस आहेच नाही, एकात आहे पण तो कधी चालू केला नाही. डीलरला विचारलं तर म्हणतो जीपीएस लोकेशनसाठी असतं, तुमचा टॉवर कुठे पळून जातोय काय. आता हसू की रडू.

मग जीपीएसवाले चार घेतले की सुटलो ना? आणि हे मधले ५४७० ते ५७२५ चे चॅनल घेऊन चारही वेगळे ठेवले तर? तेवढा खर्च वाचेल.

खाडीपलीकडचा (चोडण)

मधल्या पट्ट्याचं मी सांगतो, पोळून झालंय. तो पट्टा मिळून ५ गिगाहर्ट्झला लायसन्सशिवाय ६०५ मेगाहर्ट्झ आहेत आपल्याकडे, ऑक्टोबर २०१८ च्या नोटिफिकेशनपासून, आधी बाहेर वापरायला तुकडाच होता. कागदावर ६०५ ऐकून मला पण खूप वाटलं होतं. पण मधल्या पट्ट्यात पॉवरची मर्यादा कमी, आणि डीएफएस, म्हणजे रेडिओला रडारसारखं काय ऐकू आलं की तो चॅनल सोडून उडी मारतो आणि नव्या चॅनलवर आधी गप्प बसून ऐकतो. गिऱ्हाईकाला ते नेट गेलं म्हणूनच दिसतं. आणि शेजारच्या नेटवर्कचे तुटक पल्स पण त्याला कधी कधी रडार वाटतात. मी ते फक्त जवळच्या, अर्ध्या किलोमीटरच्या घरांना ठेवलंय.

दुसरं असं की वेगळे चॅनल घेऊन पण सिंक नसेल तर सुख नाही. एकाच पोलवर बाजूच्या चॅनलवरचा सेक्टर ओरडला की रेडिओचा रिसीव्हर भांबावतो, चॅनल वेगळा असला तरी. मध्ये मोकळी जागा सोडावी लागते आणि ती जागा म्हणजे परत स्पेक्ट्रमच. तुमचे मधले २० मेगाहर्ट्झ मोकळे ठेवलेत ते बरं केलंत.

आणि अजून एक, स्लॅबवर पत्रे आहेत का?

पठारावरचा (पेडणे)

आहेत. पावसाळी पत्रे, निळे, पोलच्या पूर्वेला. गोव्यात कुणाच्या स्लॅबवर नसतात.

खाडीपलीकडचा (चोडण)

मग ते ३५ डीबी विसरा. ते आकडे कंपनीच्या बंद खोलीत मोजलेले, जिथे आजूबाजूला काहीच नसतं. तुमच्याकडे सेक्टरच्या पुढे खाली पत्रा, बाजूला पाण्याची टाकी, वर कुणाची तरी डिश. पुढे गेलेलं पत्र्यावर आपटून मागे येतं. माझ्याकडे जुन्या घराच्या पत्र्याला लागूनच सेक्टर होता, पोल दोन मीटर वर घेतला तर तेवढ्यानेच आठ दहा डीबी सुधारले. चिरे आणि सिमेंट परवडलं, पत्रा नको.

तसं पाणी पण. माझ्या दोन लिंक मांडवीच्या पात्रावरून जातात, भरतीला एक आकडा आणि ओहोटीला दुसरा, कारण पाण्यावरून परावर्तन होऊन येणाऱ्या लाटेचा रस्ता पाण्याच्या उंचीबरोबर बदलतो. महिनाभर मी पण हवेला शिव्या घालत होतो, शेवटी फेरीबोटवाल्याने सांगितलं की आज अमावस्या, पाणी जास्त चढणार, तेव्हा डोक्यात उजेड पडला. पण तुमची गोष्ट ती नाही, तुम्ही तर पठारावर आहात.

डीबीचा_हिशेब (पर्वरी)

पत्र्याचा मुद्दा शंभर टक्के. मी लिहायला विसरलो.

आता जीपीएस घेतलं की सुटलो का, तर निम्मे सुटलात. उरलेलं नीट समजून घ्या, नाहीतर पैसे घालून परत इथेच याल.

जीपीएसचं काम टॉवर शोधणं नाही, घड्याळ देणं. उपग्रहांवरून सेकंदाचा ठोका येतो, चारही रेडिओ तो ठोका धरून एकाच क्षणी बोलायला लागतात आणि एकाच क्षणी गप्प होऊन ऐकतात. म्हणजे ते -६६ चं भूत गेलं, कारण उत्तरेचा ऐकत असताना दक्षिणेचा पण ऐकतच असतो. पण हे तेव्हाच जेव्हा चारही रेडिओत फ्रेमची (बोलणं आणि ऐकणं मिळून एक फेरी) लांबी एकच, खाली वर जाण्याचं प्रमाण एकच (तुम्ही ७५ आणि २५ ठेवणार असाल तर चारही ७५ आणि २५) आणि जास्तीत जास्त अंतराची सेटिंग पण एकच. अंतराची का, तर हवेतून एक किलोमीटरला ३.३ मायक्रोसेकंद लागतात, रेडिओ तेवढी मोकळी वेळ मध्ये सोडतो, एकाला ५ किलोमीटर आणि दुसऱ्याला १५ ठेवलं तर त्यांच्या पाळ्या शेवटी परत एकमेकांवर चढतात. लोक नेमके इथेच चुकतात, कारण लांबचं एखादं गिऱ्हाईक एकाच सेक्टरला असतं आणि तिथलीच सेटिंग वाढवतात. आणि पिंग थोडा वाढेल, गेमवाली पोरं बोंबलतील, त्याला इलाज नाही, संध्याकाळी २०० होता त्यापेक्षा किती तरी बरा.

ही पद्धत काय नवी नाही. मोटोरोलाच्या कॅनोपीत जीपीएस सिंक होतं, तोच धंदा २०११ मध्ये वेगळा होऊन कॅम्बियम झाला. त्यात सहा सेक्टर ६० अंशांचे आणि तीन चॅनल, ए बी सी ए बी सी, समोरासमोर परत तोच चॅनल. आणि फ्रिक्वेन्सी परत परत वापरायची मूळ कल्पना तर बेल लॅब्जच्या १९४७ च्या एका टिपणात आहे, मोबाईलचं नेटवर्क त्यावरच उभं आहे. आपण पेडण्याच्या पठारावर तेच करतोय, फक्त निळ्या पत्र्यावर.

आता सिंक झाल्यावर जे उरतं ते.

खाली जाताना, कोरगावच्या घराला उत्तरेचा सेक्टर समोरून दिसतो आणि दक्षिणेची पाठ दिसते. दोघे एकाच पोलवर, घरापर्यंतचं अंतर एकच, म्हणून दोघांतला फरक म्हणजे फक्त अँटेनाचा फ्रंट टू बॅक. घर दोनशे मीटरवर असो की चार किलोमीटरवर, फरक ३५ च. २५६ क्वामला तीसच्या आसपास लागतात, ६४ ला पंचवीस, १६ ला सतरा अठरा. म्हणजे चांगली अँटेना असेल तर २५६, स्वस्तातली २५ वाली असेल तर सिग्नल -५३ असला तरी ६४ वरच अडकणार. -५३ ला ४० मेगाहर्ट्झच्या -९२ नॉइजपेक्षा (रेडिओच्या कायमच्या खरखरीपेक्षा) ३९ डीबी जास्त आहेत हे खरं, पण ते ३९ कामाचे नाहीत, मधला आवाज नॉइजचा नाहीच.

हे झालं मधोमध असलेल्या घराचं. कोपऱ्यातल्याचे हाल वेगळे. ईशान्येच्या घराला उत्तरेचा सेक्टर ४५ अंश कलून दिसतो, तिथे गेन पाच सहा डीबीने घसरलेला, आणि दक्षिणेचा १३५ अंशावर दिसतो, तिथे ३५ नाही मिळत, बऱ्याच अँटेनांना पंचवीसच. पंचविसातून पाच गेले, उरले वीस. तो १६ क्वामवरच राहणार, त्याला पूर्वेच्या सेक्टरला जोडलं तरी तीच गत, पश्चिमेची पाठ तशीच दिसते. म्हणून पोल फिरवा. चारही सेक्टर एकदम फिरवा म्हणजे दोन सेक्टरमधले सांधे तिथे येतील जिथे घरंच नाहीत, काजूची बाग, उतार, मोकळं पठार, काय असेल ते. फुकटचा उपाय, आणि करणारा हजारात एक. बजेट असेल तर हॉर्न अँटेना, गेन कमी पण बाजूला आणि मागे फार काय सांडत नाहीत.

वर येताना पण एक गोष्ट. प्रत्येक क्लायंटला पॉवर कंट्रोल चालू ठेवा, सेक्टरला सगळे -६० च्या आसपास यायला हवेत. समजा तुमच्या टॉवरखालचं, तीनशे मीटरवरचं घर पूर्ण पॉवरने बोलतंय, उत्तरेला ते -४५ आलं, दक्षिणेच्या पाठीला ३५ कमी म्हणजे -८०. दक्षिणेचं स्वतःचं लांबचं गिऱ्हाईक -६८ वर आहे. बारा डीबी उरले, संपलं. तेच घर -६० वर आणलं तर पाठीला -९५, नॉइजच्या पण खाली, कुणाला कळणार पण नाही. जवळची घरं पुढची दहा वर्षं मोठ्याने बोलायची गरज नसताना बोलत असतात, ही आपल्याकडची जुनी खोड.

माडाखालचा (सत्तरी)

बरोबर आहे तुमचं. पोलरायझेशनचं मी आठ नऊ वर्षांपूर्वीचं बोललो, आता आमचं सगळं फायबरवर आहे. एक विचारू का, आमच्याकडे पावसात सगळं झोपायचं, ते पण असंच काय होतं?

डीबीचा_हिशेब (पर्वरी)

५ गिगाहर्ट्झला पावसाच्या थेंबाने फारसं बिघडत नाही, अगदी मुसळधार असला तरी किलोमीटरला फार तर एखादा डीबी जातो. ओली झाडं मात्र गिळतात. माडाच्या ओल्या झावळ्या, फणस, आंबा, जून उजाडला की पानं वाढलेली आणि ओली. आणि कनेक्टरमध्ये पाणी. वाळपईला तर झाडंच झाडं.

उलट समुद्राकडच्या सेक्टरला पाऊस संपल्यावर सांभाळायचं. ऑक्टोबर ते मे समुद्रावर हवेचे थर बसतात, त्यात सिग्नल अडकून पाण्यावरून लांब जातो, मग कुठल्या कुठल्या किनाऱ्यावरचा सेक्टर तुमच्या पश्चिमेला ऐकू येतो. पावसाळ्यात वारा सगळं ढवळून टाकतो म्हणून तेव्हा शांत. पश्चिमेला थोडा खाली वाकवा, क्षितिजाकडे बघत ठेवू नका.

पठारावरचा (पेडणे)

अपडेट देतो, उशीर झाला, चवथ होती.

जीपीएसवाले तीन नवे घेतले, चौथा होताच, फर्मवेअर सगळ्यांना एकच. पोल दीड मीटर वर नेला, घरमालकाला पत्र्याचा एक तुकडा काढायला सांगितला तर म्हणाला चतुर्थीला मंडप कुठे घालू, म्हणून तो राहिला. सेक्टर सगळे मिळून साधारण २० अंश फिरवले, आता दोन सांधे काजूच्या बागेवर आणि एक कातळावर येतो. चौथा सांधा मात्र पार्शाच्या एका वाड्यावर आलाय, तिथे पाच घरं.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी रात्री नऊ वाजता, घरोघर पाहुणे, चारही सेक्टर भरलेले, उत्तर आणि दक्षिण बहुतेक क्लायंट २५६ आणि ६४ मध्ये हलत होते, खाली नाही. पिंग २० ते ३०. पूर्वेला जरा कमी, तो पत्रा तिकडेच आहे. पॉवर कंट्रोल चालू केल्यावर टॉवरखालच्या घरमालकाचंच कनेक्शन -३८ वर येत होतं ते कळलं, फुकट कनेक्शन आणि सगळ्यात मोठा आवाज.

ती पाच घरं १६ क्वामवरच आहेत, डीबीबाबांनी सांगितल्याप्रमाणे. त्यांना मधल्या पट्ट्यावर एक छोटा सेक्टर वेगळा देऊ का?

आणि पुढचा विचार, केरीच्या बाजूला दुसरा पोल घालायचाय, वायव्येला सात आठ किलोमीटर. तिथे पण ए बी ए बी असंच?

डीबीचा_हिशेब (पर्वरी)

पाच घरांना तसं द्या, जवळची आहेत, चालेल.

केरीला ए बी ए बी करा पण उलटं, म्हणजे इथे उत्तर दक्षिण ए आहे तर तिथे उत्तर दक्षिण बी आणि पूर्व पश्चिम ए. कारण कोरगावच्या पुढचं एखादं घर तुमच्या तुयेच्या पोलकडे डिश करून बसलंय, केरीचा पोल त्याच्या पाठीला. ते ठीक, डिशची पाठ चांगली असते. पण दोन्ही पोल एका रेषेत येणाऱ्या घराचा विचार करा, केरीच्या अजून पलीकडचं, जे केरीला जोडलंय आणि त्याच रेषेत मागे तुये दिसतंय. केरी दोन किलोमीटरवर आणि तुये दहावर, अंतराचा फरक पाच पट, म्हणजे १४ डीबी फक्त. दोघांना एकच चॅनल असेल तर क्यूपीएसके. उलटं केलं तर तो प्रश्नच येत नाही. आणि दोन्ही पोलना सिंकची सेटिंग एकच, जरी पोल लांब असले तरी.

बाहेरच्या दुसऱ्या कोणाचं नेटवर्क मात्र तुमच्या घड्याळावर नाचणार नाही, त्याच्याकडे पण जीपीएस असलं तरी फ्रेम वेगळी असेल तर उपयोग नाही. किनाऱ्याकडची ती लिंक कुणाची आहे ते शोधा आणि चहाला बोलवा. लायसन्स नसलेल्या पट्ट्यात कुणाकडे तक्रार करायची सोय नाही, चहाच चालतो.

पठारावरचा (पेडणे)

शोधला. आमच्या गावच्या देवळातल्या कमिटीत आहे तो, दर सोमवारी भेटतो मला. तो पण म्हणत होता की श्रावणापासून कोणीतरी ५८१० वर येऊन बसलाय.